शेण तर खतच, मग ट्राउटचा ओढा का मरतो?

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात, ला क्रॉस शहरापासून जवळच्या एका दरीत एक मराठी कुटुंब राहतं. घरामागून ट्राउटचा, म्हणजे थंड, स्वच्छ पाण्यातच जगणाऱ्या माशाचा, ओढा वाहतो आणि बारा वर्षांची मुलगी तिथेच गळ टाकायला शिकली. वरच्या पठारावर 5000 दुभत्या गायींची डेअरी येऊ घातली आहे आणि त्यावरून गावात दोन तट पडले आहेत. आई विचारते, "माझ्या आजोळी दावणीला आठ जनावरं होती. शेणाचा कधी कुणाला उपद्रव झाला नाही. शेण म्हणजे खत. मग ओढा मरेल असं लोक का म्हणतात? यात खरं किती आणि भीती किती?"

ताई, तुमच्या आजोळचं शेण आणि या डेअरीचं शेण, दोन्ही गायीचंच. फरक आहे तो पाण्याचा आणि जमिनीचा. मी राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलो आणि गेली 22 वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. सुरुवातीची वर्षं मी डेअऱ्यांसाठी शेणखताच्या नियोजनाचे आराखडे केले, नंतर ओढ्यांचं पाणी तपासायच्या कामात आलो. दोन्हीकडची माणसं मला जवळची आहेत. तरीही विचारलंत म्हणून सांगतो: धोका खरा आहे. मात्र लोक ज्या धोक्याबद्दल सभेत बोलतात त्यापेक्षा दुसराच मला जास्त छळतो.

आजोळी काय व्हायचं ते आठवा. शेण हाताने उचललं जायचं. थोडं सारवायला, थोडं गोवऱ्यांना, उरलेलं उकिरड्यात. वर्षभर कुजून, सुकून त्याचं शेणखत व्हायचं आणि मृगाआधी गाडीने रानात जायचं. आठ जनावरांचं खत आणि ते मागणारी दहा-बारा एकर जमीन. रानाची भूक मोठी आणि खत कमी, त्यामुळे त्यातलं ओढ्यापर्यंत पोहोचायला काही उरतच नव्हतं.

इथे गाय गोठ्यातच उभी असते. शेण, मूत्र, गोठा आणि दूधघर धुतलेलं पाणी, खाली अंथरलेली वाळू, सगळं एकत्र ढकलून मोठ्या तळ्यात साठवतात. त्याला लॅगून म्हणतात. तिथे तयार होतो तो शेणकाला, पातळ आणि पंपाने ओढता येण्याजोगा. जे पंपाने ओढता येतं, ते उतारावरून वाहूनही जातं.

आता हिशेब. होल्स्टिन जातीची दुभती गाय दिवसाला साधारण 65 किलो शेण-मूत्र टाकते. 5000 गायींचे दिवसाला सव्वातीनशे टन झाले. धुण्याचं आणि पावसाचं पाणी धरलं तर वर्षाला 15 ते 20 कोटी लीटर शेणकाला, म्हणजे 25 हजार लीटरच्या टँकरच्या सहा ते आठ हजार खेपा. सेंद्रिय भार, म्हणजे कुजताना ऑक्सिजन खाणारी घाण, मोजला तर एक दुभती गाय पंधरा-वीस माणसांच्या बरोबरीची ठरते. म्हणजे ही डेअरी पाऊण ते एक लाख वस्तीच्या शहराएवढी झाली. ला क्रॉस शहराची वस्ती 50 हजारांच्या आसपास आहे आणि त्याला मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. डेअरीला तसं केंद्र नसतं. तिच्याकडे साठवायला तळं असतं आणि पसरायला जमीन. सगळं शुद्धीकरण मातीने करायचं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

मातीला ते जमतंही. पण पुरेशी जमीन हवी, मुळं खात असतील तो हंगाम हवा, वाफसा हवा आणि खडकापर्यंत पुरेशी खोली हवी. यातलं एक जरी चुकलं तर ओढ्याशी गाठ.

आधी सर्वांना दिसणारा धोका सांगतो. लॅगूनची भिंत फुटते, नळी निसटते, टँकर उलटतो. 2005 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात लोव्हिलजवळ एका डेअरीच्या लॅगूनची भिंत फुटली. सुमारे 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लीटरहून जास्त शेणकाला ब्लॅक नदीत गेला आणि लाखो मासे मेले. असं का होतं ते समजून घ्या, कारण "शेण नैसर्गिक आहे" हे वाक्य तुम्हाला सभेत नक्की ऐकवलं जाईल.

थंड ओढ्याच्या एक लीटर पाण्यात फार तर 10-11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लीटर शेणकाला कुजायला 10 ते 20 हजार मिलिग्रॅम ऑक्सिजन मागतो. म्हणजे तो दीड हजार लीटर स्वच्छ पाण्याचा श्वास संपवू शकतो. 25 हजार लीटरचा एक टँकर धरा: पावणेचार कोटी लीटर पाण्यातला ऑक्सिजन. तुमच्यासारख्या ओढ्यातून सेकंदाला 300 लीटर पाणी वाहत असेल तर हा त्याचा दीड दिवसाचा सगळा प्रवाह झाला. कुजणं एका क्षणात होत नाही आणि खळाळत जाताना पाणी हवेतून नवा ऑक्सिजन घेतं, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. पण ट्राउटला लीटरमागे 6 मिलिग्रॅमच्या खाली त्रास सुरू होतो. या राज्याचं ट्राउटच्या पाण्याचं प्रमाणही तेच आहे, अंडी घालायच्या दिवसांत 7. त्याला मरायला ऑक्सिजन शून्य व्हावा लागत नाही.

मुरघास, म्हणजे गायींसाठी आंबवून साठवलेला हिरवा चारा, तर शेणाच्याही पुढे. मक्याच्या मुरघासाच्या ढिगातून झिरपणारं आंबट, तपकिरी पाणी शेणकाल्याच्या दुप्पट-तिप्पट ऑक्सिजन खातं. मी आराखडे करायचो तेव्हा लॅगूनची भिंत सगळे तपासायचे आणि मुरघासाच्या फरशीचं पाणी कुठे जातं हे कुणी विचारायचंच नाही. तुम्ही विचारा.

दुसरं विष अमोनिया. त्यात एक बारकावा आहे, तो तुमच्या दरीसाठी फार महत्त्वाचा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि माशाच्या कल्ल्यांना जाळतं ते त्यातलं एकच, वायुरूप. पाण्याचा सामू (pH) 7 असेल तर 10 अंश तापमानाला या विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही बराच कमी असतो. सामू 8 झाला की तो जवळजवळ दसपट होतो. आपले इथले ओढे चुनखडकातून येतात, त्यांचा सामू 8 च्या आसपास असतो. ज्या चुन्यामुळे हे पाणी किड्यांनी आणि माशांनी समृद्ध आहे, तोच चुना अमोनिया आला की घात करतो. शेणकाला शंभरपट पातळ झाला तरी अशा पाण्यात तो ट्राउटला मारू शकतो.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. ठिकाण आणि डेअरी सांगणार नाही. ऑक्टोबर होता. शेतात लांब नळीने शेणकाला पसरण्याचं काम रात्रभर चालू होतं आणि एका जोडाशी नळी निसटली. काही तास कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि कडेला स्कल्पिन नावाचे बोटभर लांबीचे मासे ओळीने पडले होते. हे तळाशी दगडाखाली राहणारे मासे. हवेसाठी ते काठावर आले होते. पुढे पोटात अंडी भरलेल्या ब्राउन ट्राउटच्या माद्या मिळत गेल्या. ते अंडी घालायचेच दिवस होते. आणि एका वळणावर, जिथे काठातून झरा येऊन मिळतो, तिथे जेमतेम एका बाजेएवढ्या स्वच्छ पाण्यात तीस-चाळीस जिवंत ट्राउट एकमेकांना चिकटून उभे होते. माणूस जवळ गेला की ट्राउट पळतो. ते हलले नाहीत. मी खूप ओढे पाहिले, पण ओढ्याचा विषय निघाला की मला ते वळण आठवतं.

तरीही सांगतो, तो ओढा चार-पाच वर्षांत पुष्कळसा सावरला. वरच्या अंगाने आणि उपओढ्यांतून मासे परत आले. एकदाच झालेला अपघात ओढा पचवू शकतो. रोज थोडंथोडं पोहोचणारं त्याला पचत नाही, आणि मला छळतो तो धोका हाच. त्यात मेलेले मासे दिसत नाहीत, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. मासे फक्त दर वर्षी कमी होत जातात.

ट्राउट शरदात खळाळाच्या खालच्या खडीत अंडी घालतो. अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात आणि हिवाळ्याच्या शेवटी, बर्फ वितळायच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडू लागतात. खडीच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच ती जगतात. आता हाच काळ डेअरीच्या बाजूने पाहा. लॅगून भरत आलेलं असतं, जमीन गोठलेली असते. गोठलेल्या जमिनीवर पडलेलं शेण मातीत शिरत नाही, पहिल्या उबदार दिवशी बर्फाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. त्यासोबत उघड्या मक्याच्या रानातला गाळही येतो आणि खडीच्या फटी बुजतात. मोठे मासे दिसत राहतात, म्हणून तीन-चार वर्षं कुणाला काही कळत नाही. मग एका वर्षी लक्षात येतं की वीतभर लांबीचे मासेच नाहीत.

फॉस्फरसचं दुखणं वेगळं. पिकाला लागतो तेवढा नायट्रोजन शेणातून द्यायला गेलं की फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त पडतो. तो मातीत साचत जातो आणि मातीच्या कणाला चिकटून ओढ्यात येतो. 2010 मध्ये या राज्याने ओढ्यांसाठी लीटरमागे 75 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. इतक्या थोड्या फॉस्फरसने शेवाळ माजू शकतं, हे त्या आकड्यावरून कळावं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री खातं. म्हणून ऑक्सिजन मोजायचा तर पहाटे. दुपारी दोनला मोजलेला आकडा कुणी दाखवला तर वेळ विचारा.

आता जमीन. ही दरी ड्रिफ्टलेस भागात आहे, म्हणजे हिमयुगातल्या हिमनद्यांनी न घासलेल्या मुलखात. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय यांच्या कोपऱ्यांत तो पसरला आहे. इथला चुनखडक भेगांचा आणि पोकळ्यांचा. पठारावर मध्येच जमीन खचून खड्डे पडलेले दिसतील. तिथे शिरलेलं पाणी मातीतून गाळून जात नाही, भेगेतून सरळ खाली जातं आणि दरीत झरा होऊन निघतं. तो झरा वर्षभर 9-10 अंशांचा असतो, म्हणून तर ऑगस्टच्या उन्हातही ट्राउट जगतो. डेअरी पठारावर आणि घर दरीत, तेव्हा डेअरी दूर आहे असं समजू नका. याच वाटेने नायट्रेट आणि जंतू तुमच्या विहिरीतही येतात. राज्याच्या पूर्वेला किवॉनी परगण्यात माणसांपेक्षा गायी जास्त आहेत आणि खडकावर माती पातळ आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात गुरांच्या शेणातले जंतू सापडले आणि त्यानंतर 2018 मध्ये पातळ मातीवर शेण पसरण्याचे कडक नियम आले. ते पूर्वेकडच्या विशिष्ट खडकापुरते आहेत. तुमच्या दरीला ते लागू नाहीत.

उपसाही विसरू नका. गायी पितात, गोठे धुतले जातात, आणि 5000 गायींना रोज पाच-सहा लाख लीटरच्या वर पाणी लागतं. राज्याच्या मध्यभागी लिटल प्लोव्हर नावाचा ट्राउटचा ओढा 2005 मध्ये काही भागात कोरडा पडला. तिथे गायी नव्हत्या, भाजीपाला आणि बटाट्याच्या सिंचनाच्या आणि इतर मोठ्या विहिरी होत्या. पण भूजल उपसलं की झरा आटतो, मग उपसा कशासाठीही असो. आणि झरा आटला की उरलेलं पाणी तापतं. 20 अंशांच्या पुढे ब्रूक ट्राउटला जड जातं, 25 ला तो मरू लागतो.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना? आहे. 1000 पशू-एकक, म्हणजे सातशेच्या वर दुभत्या गायी असल्या की राज्याचा परवाना लागतो. 180 दिवसांचा साठा, खताचा आराखडा, गोठलेल्या जमिनीवर पातळ शेण टाकायला सहसा बंदी, हे सगळं त्यात येतं. सातशेच्या आतल्या गोठ्यांवर इतकी बंधनं नाहीत, आणि ओढ्याकाठी भर जानेवारीत शेण टाकणारा ऐंशी गायींचा गोठाही मी पाहिला आहे. त्यामुळे मोठा तेवढा वाईट आणि छोटा तेवढा चांगला असं मी म्हणणार नाही. पण परवान्यातही एक मोठी फट आहे. संघराज्याचा 1972 चा स्वच्छ पाणी कायदा लॅगूनमधून थेट ओढ्यात सोडायला मनाई करतो. शेण आराखड्याप्रमाणे शेतात टाकलं आणि मग पाऊस येऊन ते वाहून गेलं, तर तो शेतावरचा पावसाचा निचरा धरला जातो आणि 1987 पासून त्याला सूट आहे. ओढ्याला मात्र दोन्ही सारखंच लागतं. शिवाय साठा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने बांधतात. 2018 च्या ऑगस्टमध्ये याच भागातल्या कून क्रीकच्या आणि किकापू नदीच्या पश्चिम शाखेच्या पाणलोटात एका रात्रीत पाच पूरनियंत्रक धरणं फुटली. पावसाचे जुने हिशेब या दऱ्यांत आता चालत नाहीत.

गॅस संयंत्राचंही सभेत ऐकाल. आपल्याकडच्या गोबर गॅससारखंच, फक्त प्रचंड. त्यातून मिथेन मिळतो, वास कमी होतो, जंतूही घटतात. चांगली गोष्ट आहे. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जितके आत गेले तितकेच बाहेर येतात, उलट अमोनियाचा वाटा वाढतो. "संयंत्र बसवलं, आता ओढ्याला धोका नाही" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

मुंबईत दहिसर नदीकाठच्या तबेल्यांचं शेण नदीत जातं हे तुम्ही पाहिलं असेल. तिथेही गोष्ट हीच: गायी-म्हशी एका जागी आणि शेण मागणारी जमीन आसपास नाही.

म्हणून परवान्याच्या सुनावणीत भावना जरूर बोला, पण जमिनीबद्दल विचारा. गायीमागे किती एकर? 5000 गायींना माझ्या ठोकताळ्याने निदान 5000 ते 8000 एकर हवेत, आणि तेही नकाशावर नुसते रंगवलेले नव्हेत, लेखी कराराचे. त्यातली किती रानं आधीच दुसऱ्या डेअरीच्या आराखड्यात आहेत? मातीतला फॉस्फरस आज किती आहे? खचलेले खड्डे आणि झरे नकाशावर दाखवलेत का, की कुणी शिवार फिरलेलंच नाही? रात्री नळी निसटली तर कळणार कसं, पंप आपोआप बंद होणार का? 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नैसर्गिक संपत्ती विभाग अशा परवान्यात गायींच्या संख्येवर मर्यादा आणि भूजलाच्या देखरेखीची अट घालू शकतो. तेव्हा देखरेखीच्या विहिरींची अट मागा, आणि ती लेखी मागा. परवान्याचा मसुदा निघाला की हरकतींना साधारण 30 दिवसच मिळतात.

डेअरीवाल्यांना शत्रू समजू नका, हे कळकळीने सांगतो. दुधाच्या भावाने इथले छोटे गोठे मोडले. वीस वर्षांत गोठ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली आणि गायी जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. जो टिकला तो मोठा होऊनच टिकला. आणि हे ओढे एकदा शेतकऱ्यांनीच वाचवलेले आहेत. 1930 च्या सुमाराला इथल्याच कून व्हॅलीचे डोंगरउतार उभ्या नांगरटीने आणि गुरांच्या चराईने उघडे पडले होते, घळी पडल्या होत्या, ओढे गाळाने भरले होते. 1933 मध्ये देशातला पाणलोट पातळीवरचा पहिला मृदसंधारण प्रकल्प तिथेच सुरू झाला. शेकडो शेतकऱ्यांनी समपातळीत पट्टापेरणी केली, उतारावरची गुरं काढली. पाणी जिरू लागलं, झरे वाढले, ओढे थंड झाले. त्याच पाणलोटातला टिंबर कूली आज राज्यातल्या उत्तम ट्राउट ओढ्यांत गणला जातो. विमानातून दिसणारे ते हिरवे-पिवळे वळणदार पट्टे म्हणजे या ओढ्यांचं छत्र आहे. पट्टे मोडून सलग मका लावला की छत्र गेलं. कुरणावर फिरून चरणाऱ्या गायींचे गोठे या दऱ्यांत अजून आहेत. त्यांच्या खालचे ओढे मी वर्षानुवर्षं तपासतो आणि तिथे दगडाखाली जीव भरपूर असतात. गायी आणि ट्राउट एका दरीत राहू शकतात.

सगळ्यात तातडीचं काम मात्र तुमच्या घरात आहे, आणि ते डेअरीची पहिली गाय यायच्या आत व्हायला हवं. आजचा ओढा मोजून ठेवा. पाच वर्षांनी "पूर्वी इथे मासे होते" असं म्हणालात तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा नसल्यामुळे हरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. इथे नागरिकांना ओढा तपासायला शिकवणारा वॉटर ॲक्शन व्हॉलंटिअर्स हा उपक्रम आहे, त्यात नाव घाला. तापमान नोंदवणारं छोटं यंत्र झऱ्याच्या तोंडाशी आणि खाली एक, अशी दोन बसवा. विहिरीचं नायट्रेट आणि जंतू प्रमाणित प्रयोगशाळेत तपासून कागद जपून ठेवा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लीटरमागे 10 मिलिग्रॅम आहे.

आणि मुलीला घेऊन खळाळात उतरा. हाताएवढा दगड उलटा करून पाहा. दोन शेपट्यांची, चपट्या अंगाची, सावकाश सरपटणारी अळी दिसली तर ती स्टोनफ्लाय. तिला सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून बिघाड सुरू झाला की ती सगळ्यात आधी जाते. तीन शेपट्यांची बहुतेक मेफ्लाय. खड्याखड्यांचं घर करून राहणारी कॅडिसफ्लाय. कुठला किडा किती प्रदूषण सोसतो यावरून ओढ्याला गुण देण्याची पद्धत मॅडिसनच्या विद्यापीठात विल्यम हिल्सेनहॉफ यांनी बसवली, ती आजही वापरतात. मुलीला एक वही द्या. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, कोणता दगड, कोणते जीव, किती, आणि एक फोटो. दर महिन्याला तोच खळाळ. पहिली नोंद या रविवारीच होऊ दे, कारण सुनावणीची तारीख लागली की वर्षभराच्या नोंदी मागून गोळा करता येत नाहीत.